वाऱ्यानं आलेली होडी

आषाढ लागला की आमच्याकडं पाऊस येत नाही, वारा येतो. पाऊस तिकडं मावळात पडतो, घाटात पडतो, वर्तमानपत्रात पडतो. बारामतीपासून इंदापूरपर्यंत आमच्या वाट्याला येतो तो त्या पावसाचा नुसता वारा. पत्र्यांवर दगड ठेवावे लागतात. दोरीवर वाळत घातलेली चादर शेजाऱ्याच्या डाळिंबात सापडते. एमआयडीसीत कामाला जाणारी माणसं मोटारसायकल एका अंगाला कलती धरून चालवतात, आणि बारामतीशेजारच्या पिंपळीतल्या आमच्या घरात दार लावलं तरी भाकरीच्या पिठात कचकच लागते. विजेच्या तारा दिवसभर गुणगुणत असतात. लहानपणी मला वाटायचं, हा आवाज विजेचाच आहे. तो वाऱ्याचा आहे हे कळायला बरीच वर्षं गेली.

यंदा तो वारा सुरू झाला तेव्हा मी इंदापूरच्या बाजूला, उजनीच्या पाण्याकाठी, मामाकडं गेले होते. काठावर जिथं पूर्वी होड्या ओढून ठेवायचे तिथं आता तारेचं कुंपण आहे आणि कुंपणावर एक मोठा बोर्ड. लवकरच सुरू होत आहे : बोटिंग, सेलिंग, टेंट, चुलीवरचं जेवण. मामा बोर्डासमोर उभा राहून एकेक शब्द वाचत होता.

"बोटिंग कळलं. चुलीवरचं जेवान कळलं. हे सेलिंग काय गं?"

"शीड लावून होडी चालवायची, मामा."

"आन् वारं कुठलं वापरणार? हितलंच का?"

"हितलंच."

"मग आमी करत व्हतो ते काय व्हतं?"

"तुमची गरज होती. ही हौस आहे. गरज संपवायची आणि मग तीच हौस म्हणून विकायची, ही यांची जुनीच—"

"पत्रकावानी बोलू नकोस," मामा म्हणाला. "चल, चहा घेऊ."

मामाचं म्हणणं खोटं नाही. मी पत्रकांवरच वाढले. अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी संघटनेत. आमच्या पलंगाखाली कपड्यांच्या पेट्या नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. गुलाबी, पिवळे, पोपटी. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. मला स्वतःहून वाचता आलेलं पहिलं जोडाक्षर 'धिक्कार' या शब्दातलं होतं, असं अण्णा आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. शाळेच्या डब्यातली चपाती उरलेल्या पत्रकात गुंडाळलेली असायची आणि 'जाहीर निषेध'ची शाई तिला लागायची. त्यामुळं असेल, पण नवा शब्द समोर आला की त्याचा अर्थ विचारण्याआधी मला विचारावंसं वाटतं, हा कुणाच्या बाजूचा?

सेलिंग हा शब्द मला बारामतीत, शाळेच्या इंग्रजीच्या पुस्तकात पहिल्यांदा भेटला. सोबत चित्र होतं. निळा समुद्र, पांढरंशुभ्र त्रिकोणी शीड, पांढरी टोपी घातलेला एक गोरा मुलगा. बाईंनी फळ्यावर मराठी अर्थ लिहिला, 'नौकानयन'. मी हात वर करून सांगितलं, आमचा मामा हे करतो. वर्ग हसला. एकानं विचारलं, इंदापूरला समुद्र कधी आला? समुद्र नव्हता आला. पण जे आलं होतं ते काही लहान नव्हतं.

आईकडची माणसं मेंढरांची. नदीकाठचे माळ, चार विहिरी, पाणवठे आणि वर्षातले आठ महिने वाट, हा त्यांचा संसार. धरण झालं आणि पाणी चढत आलं. माळ बुडाले, विहिरी बुडाल्या. निम्मं गोत या काठाला राहिलं, निम्मं पलीकडं करमाळ्याच्या बाजूला जाऊन बसलं. पूर्वी उन्हाळ्यात जी नदी पायी ओलांडायचे तिचं आता असं पाणी झालं की पलीकडं उभं राहिलेलं माणूस बाई आहे की बाप्या हेही कळू नये. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा. आजोबांनी उरलेली मेंढरं विकून होडी घेतली तेव्हा त्यांना पोहताही येत नव्हतं. होडीलाही ते मेंढरासारखं 'हुर्रर्र' करायचे, असं मामा सांगतो आणि दर वेळी स्वतःच हसतो.

आमच्या घरातलं पहिलं शीड म्हणजे आजोबांचं घोंगडं. एका आषाढात वल्हवून वल्हवून दमलेले आजोबा पाण्याच्या मध्यावर उभे राहिले, गार वारा लागू नये म्हणून त्यांनी घोंगडं दोन्ही हातांनी पसरून पाठीशी धरलं, आणि होडी आपोआप पळायला लागली. खरं-खोटं आजोबांना ठाऊक. घोंगडं भिजलं की जड होतं म्हणून पुढं आजीनं जुन्या लुगड्यांचं शीड शिवलं. हिरवं, काळपट लाल, मध्ये एक चिंतामणी रंगाचा पट्टा. असं शीड काठावरच्या दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पलीकडून नुसता रंग दिसला तरी कळायचं, कुणाची होडी आहे.

आमच्याकडं याला कुणी नौकानयन म्हणत नसे. 'वाऱ्यानं जाणं' म्हणायचे. वारा इकडून तिकडं, मावळतीकडून उगवतीकडं. म्हणून आषाढात माणसं वाऱ्यानं जायची आणि हातानं यायची. येताना वल्हं मारून हाताला फोड यायचे, म्हणून पलीकडं गेलेलं माणूस लवकर परतत नसे. वारा पडेपर्यंत राहून घ्यायचं. माहेरपणाला याहून चांगली सबब कुठली?

आणि एक रीत होती. वाऱ्यानं आलेली होडी धरायची असते. तिला वेग असतो, काठावर दगड असतात, आणि आतल्या माणसांनी शीड पाडेपर्यंत ती थांबत नाही. म्हणून पलीकडच्या काठावरच्या माणसानं पाण्यात उतरून तिचं नाक दोन्ही हातांनी धरायचं. हे ज्याच्याकडं पाहुणे येतात त्यानंच करायचं. शेजाऱ्यावर सोपवायचं नाही. भांडण असलं तरी होडी धरायची, मग घरी नेऊन भांडायचं.

आमची होडी धरायला मावशी यायची. मावशी आईपेक्षा मोठी. आई तिला आक्का म्हणते. लांबून लुगड्यांचे रंग दिसले की ती हातातलं खुरपं टाकून धावत सुटायची. ओचा खोचून मांड्यांपर्यंत पाण्यात शिरायची, आणि होडीचं नाक छातीशी आलं की ओरडायची, "बाळ्या, किती जोरात आणतूस रं! माणसं हायती का पोती?" बाळू म्हणजे मामा. एकदा तिचा पाय चिखलात घसरला, तिला सावरायला आईनं उडी टाकली, आणि दोघी गळ्याइतक्या चिखलपाण्यात बसून हसत सुटल्या. मामा ओरडत होता, "आगं होडी धरा, होडी!" होडी कुणीच धरलेली नव्हती. ती आपली गोल गोल फिरत होती आणि मी तिच्यात एकटीच. त्या दोघींना इतकं हसताना मी नंतर कधी पाहिलं नाही.

माझ्यातली आग पत्रकांची, असं लोक म्हणतात. निम्मी मावशीची आहे. मावशीला भाषण जमत नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत शिवी येते. पण पलीकडच्या गावाला पूल हवा, या मागणीसाठी बायांना गोळा करणारी तीच. प्रत्येक निवडणुकीला पुढारी होडीतनं यायचे, होडीवर स्वतःचं चित्र लावलेलं असायचं, पाण्याकडं बघून 'पूल' म्हणायचे आणि जायचे. बाया घोषणा द्यायच्या, ते हात जोडून हसायचे, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. एका वर्षी मावशी बायांना म्हणाली, "ह्यांला वरडलेलं आवडतं. वरडलं की ह्यांचा फोटू येतो. आता पाठ करायची. पाठीचा फोटू कोण छापतंय?" ठरलं. यापुढं पुढाऱ्याची होडी दिसली की सगळ्या बायांनी काठावर यायचं, पाण्याकडं पाठ करून उभं राहायचं आणि होडी माघारी जाईपर्यंत थाळ्या वाजवायच्या. कुणीही वळून बघायचं नाही. बघितलं तर तिची थाळी जप्त.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा कळण्याची सोय नव्हती, कारण आई आणि मावशीचा अबोला होता.

आजीच्या शेवटच्या आजारात आईनं तिला बारामतीला दवाखान्यात आणलं. त्याहून वेगळं काही करणं शक्य नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. आजी खिडकीकडं बघून विचारायची, पाणी कुठंय? आई तांब्या पुढं करायची. आजी मान हलवायची. तिला प्यायचं पाणी नको होतं. ती तिथंच गेली. दहाव्याला सगळ्यांच्या समोर मावशी बोलून गेली, "पाण्याकाठचं माणूस नेऊन कोरड्यात मारलंस."

आईनं उलट चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मग सणावाराला फोन बंद झाले, माहेरपणं बंद झाली, आणि दोन्हीकडची नुसती खुशाली, तीही फोनवर, मामा पोस्टमनसारखी पोचवायला लागला. आमच्याकडं त्या अबोल्याचं एखाद्या जड कपाटासारखं झालं होतं. हलवायला कुणी हात लावत नव्हतं, सगळे वळसा घालून ये-जा करत होते.

आणि मग तो आषाढ. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते. आमच्याकडं आषाढात गोडधोड तळतात, त्याला आखाड तळणं म्हणतात. आई गुळाच्या कापण्या तळत होती. झाऱ्यावर कापण्या निथळत धरून ती एकाएकी म्हणाली, "आक्काला लई आवडत्यात." थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या जाऊन येऊ."

मी म्हटलं, फोन करते.

"नगं. फोन केला तर ती भांडायची तयारी करील. एकदम जाऊ. होडी आली म्हटल्यावर काय करील? धरील. तिनं होडी धरली, मी उतरले, झालं. बोलायचं काय त्यात?"

आई तशी शब्दांची माणूस नाही. अण्णांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवरून ती आयुष्यभर केरसुणी फिरवत आली. तिचा सगळा भरवसा त्या एका गोष्टीवर होता, की बहीण पाण्यात उतरून होडीचं नाक धरेल.

आम्ही मामाकडं पोचलो तेव्हा वारा भरात होता. मामानं होडीवर शीड चढवलं आणि आई बघतच राहिली. आजीच्या लुगड्यांच्या शिडाच्या आदल्या वर्षीच्या वावटळीत चिंध्या झाल्या होत्या. त्याच्या जागी मामानं त्या दिवशी पहिल्यांदाच एक फ्लेक्स लावला होता. कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. एक अवाढव्य हसरा चेहरा, खाली ओळीनं शुभेच्छुकांची डोकी.

"बाळू, हे काय ध्यान लावलंस?"

"रस्त्यात पडला व्हता. फाटत न्हाय, भिजत न्हाय. पुढाऱ्याची वस्तू पयल्यांदाच टिकाऊ निघाली."

"मग त्याचं तोंड तरी आतल्या अंगाला करायचं. मागनं कोरं हाय की."

"म्हंजी सबंध वाट आपुन त्याचं थोबाड बघत बसायचं व्हय? त्यापरीस तो जाऊंदे म्होरं बघत."

आम्ही तिघंही हसलो. मी तर सगळ्यात जास्त. इतकं खरं होतं ते. ज्याला बघायचा कंटाळा आला होता त्याचं तोंड आम्ही पलीकडच्या काठाकडं केलं, आणि पाठ आमच्याकडं.

वाऱ्यानं जाण्याचं एक सुख आहे, ते दुसऱ्या कशात नाही. वल्ह्याचा आवाज नसतो. इंजिनाचा तर नाहीच. वारा मागून येतो आणि तुम्हीही त्याच्याच वेगानं निघालेले असता, म्हणून वारा लागायचाच थांबतो. काठावर केस उडत होते, पाण्याच्या मध्यावर आईच्या कपाळावरची बट जागेवर होती. कापण्यांचा डबा तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. एकदा तिनं तो उघडून बघितला, पुन्हा लावला. मी तिच्याकडं बघत होते. ती त्या वेळी कुणाची आई वगैरे दिसत नव्हती. बहिणीकडं निघालेली धाकटी बहीण दिसत होती.

काठ जवळ आला तशा बाया उताराला लागलेल्या दिसल्या. एक, मग चार, मग पुष्कळ. आई होडीत उभी राहिली.

"आली बघ! ती पोपटी साडी. ती आक्का. चालतीया बघ कशी, अजून तशीच दणादणा."

मग थाळ्या सुरू झाल्या. आणि सगळ्या बाया एकदम वळल्या. काठावर एक लांबच लांब ओळ उभी राहिली, नुसत्या पाठींची. हिरव्या, निळ्या, जांभळ्या, मध्ये एक पोपटी.

शिडावरचं तोंड आठवलं आणि मला क्षणात कळलं. इतका नेमका, इतका सुंदर निषेध मी पत्रकांतही वाचला नव्हता. मी आईकडं वळले तेव्हा ती खाली बसली होती.

"आई, हे आपल्यासाठी नाही! शिडावरच्या त्या तोंडासाठी आहे. त्यांना वाटतंय पुढारी आलाय."

"पाठ वळखू येती मला तिची."

"पाठ तिचीच आहे, पण तिला माहीत नाही ना तू आहेस ते!"

"ही बाळूची होडी. तिला बाळूची होडी वळखू येत न्हाय व्हय?"

मामानं घाईघाईनं दोरी सोडून शीड पाडलं. पण शीड पडलेलं बघायला कुणी वळलं तर पाहिजे. मी "मावशे, मावशे" म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडले. थाळ्यांचा तो कल्लोळ मला अजून ऐकू येतो. एकीनंही मान वळवली नाही. शिस्त म्हणजे शिस्त. होडी आडवी झाली, लाटा बाजूनं आपटायला लागल्या, आणि आई म्हणाली, "फिरव, बाळू."

"आगं काठ आला की!"

"फिरव म्हणते न्हवं."

"फिरव म्हंजी? वारं बघ जरा! जीव निघंल वल्हवताना."

आईनं दुसरं वल्हं उचललं होतं. तिचा चेहरा बघून मामानंही आपलं वल्हं पाण्यात घातलं.

त्या परतीचं मी फार सांगणार नाही. वारा तोंडावर, लाटा तोंडावर. मामा आणि आई वल्हवत होते आणि मी डब्यानं होडीतलं पाणी उपसत होते. डबा मोकळा करायला मी कापण्या पाण्यात ओतल्या, आईनं ते पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिच्या पाठीमागं, बऱ्याच लांबवर, थाळ्या थांबल्या. होडी माघारी गेली म्हणून बाया खूश होऊन घरी निघाल्या असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या मुलाचा, विशालचा, मला फोन आला. वर बांधावर उभ्या असलेल्या कुणा गुराख्यानं होडीतल्या बायका बघितल्या होत्या. "ताई, काल तुमी व्हता का त्या होडीत?" मी हो म्हणताच मावशीनं त्याच्या हातातून फोन घेतला. मी सगळं सांगितलं. फ्लेक्स, वावटळ, कापण्या, सगळं. मावशी ऐकत राहिली. मग म्हणाली,

"आन् शालनला वाटलं मी तिला पाठ दावली?"

शालन म्हणजे आई.

"आगं, तिला वाटलंच कसं? माझं तोंड वंगाळ हाय, लोकांम्होरं बोलले आसंन. पर होडी धरायला मी कवा आले न्हाय? एकदा सांग. कवा आले न्हाय?"

हे मी आईला सांगितलं. आई भांडी घासत होती. म्हणाली, "मग वळून बघायचं की एकदा. मी बघितलं नसतं व्हय?"

तेही मी मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, "काठाशी आलीवती. चार हातांवर. उतरायचं, माझ्या पाठीत धपाटा घालायचा. ती माघारी गेली कशी?"

असे निरोप मी दोनचार दिवस इकडून तिकडं नेले. मग दोन्हीकडचं बोलणं संपलं.

गैरसमज दूर झाला की माणसं एक होतात, असं आमच्या पत्रकांत असायचं. जनतेत गैरसमज पसरवले जातात, ते दूर करणं हे कार्यकर्त्याचं काम. हा गैरसमज एका फोनमध्ये दूर झाला. एका रात्रीपेक्षा जास्त तो टिकलाच नाही. उरलं ते निराळंच होतं. आपली बहीण आपल्याकडं पाठ करू शकते, यावर आईचा त्या काही क्षणांत पुरता विश्वास बसला होता. आणि तो बसला होता, हे मावशीला कळलं होतं. यात चूक कुणाची? मला अजून सांगता येत नाही. शत्रू कसा ओळखावा हे मला अक्षरं यायच्या आधीपासून शिकवलेलं आहे. इथं शत्रूच नव्हता.

त्या वर्षी मी रागानं पुष्कळ लिहिलं. फ्लेक्सविरुद्ध, वाढदिवसांविरुद्ध, न झालेल्या पुलाविरुद्ध. त्यातला एक शब्दही मागे घ्यायची माझी तयारी नाही. पूल असता तर आई एसटीनं गेली असती, मावशीच्या दारात उतरली असती, आणि दारात उभ्या राहिलेल्या बहिणीकडं कोण पाठ करतं? राग खराच होता. पण ते लिहून झालं की मी कागद वाचून बघायची आणि त्यात आई कुठंच नसायची. होडीत बसून मांडीवरचा डबा उघडून पुन्हा लावणारी बाई कुठल्याच मागणीत बसत नव्हती.

मामाच्या होडीला आता इंजिन आहे. तो फ्लेक्स गोठ्यावर आहे. ऊन-पावसानं त्यावरचं तोंड पार पुसून गेलंय. इंजिनाची होडी काठाशी येऊन हळू होते, गुमान टेकते. तिला कुणी धरावं लागत नाही. त्यामुळं आता होडी येताना दिसली तरी पलीकडं कुणी धावत येत नाही. यायचं कारणच राहिलेलं नाही. त्या काठावर पूर्वी नेहमी दोनचार माणसं पाण्यात पाय बुडवून उभी असायची, हे आता सांगितलं तर नव्या सुनांना खरं वाटत नाही.

बोर्ड वाचल्यावर मी घरी येऊन कोश काढून बसले. इंग्रजीत जहाजाला शीड असो की नसो, ते निघालं की 'सेल' झालं. शीड गेलं, इंजिन आलं, शब्द तोच राहिला. मला आधी राग आला. वस्तू गेली तर शब्दानंही जावं, नुसतं नाव कशाला मिरवायचं? मग वाटलं, माणसांचे शब्द तरी कुठं जातात? ज्यानं ते चालत होतं तो वारा पडला तरी बहिणी बहिणीच म्हणवतात. कोशात त्या शब्दाखाली वारा होता, कापड होतं, दोरी होती, प्रवास होता. पलीकडच्या काठावर पाण्यात उतरलेलं माणूस नव्हतं. कुंपणातले लोक शिकवतील, वारा कसा घ्यायचा, दोर कधी ओढायचा. चांगलं शिकवतील. पण त्यांची होडी एक चक्कर मारून त्याच काठाला परत येणार. तिला पलीकडं कुणाकडं जायचंच नसणार. आमचं वाऱ्यानं जाणं आणि यांचं सेलिंग यांत मला दिसलेला फरक एवढाच. मामाला तो समजावून सांगावा असं वाटलं, पण तो पुन्हा म्हणाला असता, चहा घे.

गेल्या हिवाळ्यात विशालचं लग्न झालं, इंदापूरच्या एका मंगल कार्यालयात. मावशी स्वतः मुलाला घेऊन अक्षत द्यायला पिंपळीला आली होती. आईनं तिला ओवाळलं, ओटी भरली. दोघी बोलल्या, कांद्याबद्दल, गुडघ्यांबद्दल. मी आतल्या खोलीत अण्णांना म्हटलं, मिटलं वाटतं. अण्णा म्हणाले, "बघू."

आई लग्नाच्या दोन दिवस आधीच मावशीकडं गेली. पिशवीत तिनं दोन जुन्या साड्या टाकल्या होत्या, कामात मळल्या तरी चालतील अशा. आम्ही लग्नाच्या दिवशी पोचलो तर ती पहिल्या रांगेत, पांढरं कव्हर घातलेल्या सोफ्यावर बसलेली. काठापदराची नवी साडी, हातात सरबताचा ग्लास. मावशी दर थोड्या वेळानं कुणालातरी पाठवत होती. नवरदेवाच्या मावशींना पाणी द्या, त्यांना पंख्याखाली बसवा, त्यांचा फोटो राहिला. जेवताना तिला पाटावर बसवलं, भोवती रांगोळी काढली. मावशीनं स्वतः उभं राहून जिलबी वाढली, आग्रह केला. भारी साडी, नारळ, अण्णांना टॉवेल-टोपी. कशात म्हणून कसर नव्हती. कार्यालयाच्या मागच्या बाजूनं भांड्यांचा, हाकांचा, बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. आई अधूनमधून तिकडं मान करून ऐकायची आणि पुन्हा समोर बघायची.

परतताना गाडीत अण्णांनी विचारलं, "झालं ना सगळं नीट?"

"लई मान केला," आई म्हणाली. "इतका मान तर सोयऱ्यांचा बी केला न्हाय."

बारामती जवळ आली. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागं आमची गाडी अडकली होती. अण्णा हॉर्न वाजवत होते. आई काचेतून बाहेर बघत होती. बाहेर बघतच म्हणाली,

"दोन दिस व्हते मी तितं. साधं कांदं चिरायला बी कुणी हाक मारली न्हाय मला."